‘बारा व्होल्टला कसली भीती?’ : ट्रेलरवाल्यांच्या मेसेजला उत्तर

चवथ झाली, पाऊस ओसरू लागला की आमच्याकडे गोव्यात हौशी लोकांची वेल्डिंग मशीन सुरू होतात. कुणी मागच्या अंगणात झोपायचा ट्रेलर बांधतो, कुणी जुनी ट्रॉली विकत घेऊन तिच्यावर प्लायवुडची खोली चढवतो. आणि या सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज फिरतो:

“१२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून कसलीही वायर चालते. घर बांधताना उरलेली १ एमएमची वापरा, तिच्यावर ११०० व्होल्ट छापलेलं असतं. लाल प्लस, काळी मायनस, बाकी काही बघू नका. मायनस चासीला (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला) जोडा, अर्धी वायर वाचते. फ्यूज एकच, फ्रिजजवळ.”

मला हा मेसेज तिघांकडून आला. त्यातल्या एकाच्या ट्रेलरमध्ये दोन लहान मुलं झोपणार आहेत, म्हणून लिहायला बसलो.

झटक्याचं म्हणणं खरं आहे. कोरड्या हाताला १२ व्होल्ट जाणवतही नाहीत. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच चिकटून लाल होतो. बोटात अंगठी असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. घरच्या विजेत भीती झटक्याची, इथे भाजण्याची.

आता ते ११०० व्होल्ट. हा आकडा वायरच्या प्लास्टिकचा आहे, तांब्याचा नाही. वरचं आवरण किती व्होल्ट सोसेल एवढंच तो सांगतो. तांब्यातून किती अँपिअर न्यायचे ते जाडीवर ठरतं, आणि १२ व्होल्टवर अँपिअरच भरमसाट असतात. ६० वॉटची वस्तू घरात २३० व्होल्टवर पाव अँपिअर घेते. ट्रेलरमध्ये तीच वस्तू ५ अँपिअर घेते.

हिशोब माझ्याच ट्रेलरचा देतो. बॅटरी पुढे टो बारजवळ (गाडीला जोडायचा दांडा), फ्रिज मागच्या दाराशी. वायर फिरून जाते ती ५ मीटर, म्हणजे जाऊन येऊन १०. तांब्याच्या १ एमएम वायरला (दुकानात एमएम म्हणतात ते चौरस मिलिमीटर) मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम रोध. दहा मीटरला ०.१७५. त्यातून ५ अँपिअर गेले की जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. २३० मधून ०.९ गेले तर कुणाला कळणारही नाही. १२ मधून गेले तर सात टक्के गेले. केरीच्या किनाऱ्यावर पहिल्याच रात्री माझा फ्रिज सारखा बंद पडत होता. बॅटरी ठीक होती, पण बॅटरी फार उतरू नये म्हणून फ्रिजमध्ये व्होल्टेज कमी झालं की तो बंद करणारी जी सोय असते, तिला वाटलं बॅटरी संपली. सकाळी बांगडे टाकून द्यावे लागले. मग ४ एमएम ओढली, घट ०.२२ व्होल्टवर आली. अडीच एमएमनेही ०.३५ वर भागलं असतं, पण एकदा आतलं प्लायवुड उचकटल्यावर कंजुषी कशाला? एलईडी दिव्यांना मात्र तीच १ एमएम खुशाल वापरा, ते पाव अँपिअरही घेत नाहीत.

आणि घरची वायर म्हणून नाक मुरडायचंही कारण नाही. आजकालची बारीक तारांची मल्टिस्ट्रँड वायर चालते. एकाच जाड तारेची कडक वायर नको. चोर्ला घाटातल्या हादऱ्यांनी ती टोकाशी तुटते. पैसे असतील तर बोटींसाठी बनणारी, तांब्यावर टिनचा मुलामा दिलेली घ्या. आपल्या खाऱ्या हवेत साधं तांबं थिंबलच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची टोपी) तोंडाशी हिरवं पडतं.

रंगांबद्दलचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते पाठ करायला सोपं आहे. ट्रेलरचे मागचे दिवे गाडीला जोडणारा युरोपीय पद्धतीचा सात पिनांचा प्लग बघा. त्यात पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, निळी मागच्या फॉगची, लाल ब्रेकची, तपकिरी उजव्या टेल लाइटची आणि काळी डाव्या टेल लाइटची. मायनस आहे पांढरी! फोंड्यातल्या एका मित्राने ‘काळी मायनस’ म्हणून ती चासीला जोडली. दिवसा सगळं ठीक, संध्याकाळी हेडलाइट लावले की फ्यूज खलास. बिचारा दोन दिवस बल्ब बदलत बसला.

बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर बसवला तर गोंधळ आणखी वाढतो. आपल्या घरांत लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. मदतीला येतो तो घरचं वायरिंग करणारा. त्याचा निऑनचा टेस्टर १२ व्होल्टवर पेटतच नाही, त्यामुळे ‘मेली आहे’ म्हणून तो चालू वायर कापतो. उलट चूक झाली, लाल २३० वाली १२ ची समजून हातात धरली, तर ती शेवटची. म्हणून मी २३० व्होल्टसाठी तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशी तीन कोअरची, बाहेरून जाड आवरणाची केबल घेतली आणि ती वेगळ्या बाजूने नेली. सुट्ट्या लाल-काळ्या वायरी फक्त बाराच्या. त्यांतही पंप कुठला, पंखा कुठला, ते रंगावर सोडलं नाही. कुंडईला पॅनेल वायरिंग करणाऱ्या मुलाकडून आकड्यांचे फेरूल (वायरवर चढवायच्या छोट्या नळ्या) आणले, दोन्ही टोकांना तोच आकडा घातला आणि यादी फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली.

चासीला मायनस जोडणं कारखान्यातल्या गाड्यांत चालतं. आपल्या रंगवलेल्या, नट-बोल्टांच्या लोखंडी सांगाड्यात, तेही गोव्याच्या पावसात, प्रत्येक जोड म्हणजे उद्याचा गंज. पांढरी वायर सुटली तर मायनस टो बॉलमधून (ट्रेलर गाडीला अडकवायचा गोळा) वाट शोधते आणि खड्ड्याखड्ड्याला दिवे मिचमिचतात. प्रत्येक वस्तूला स्वतःची परतीची वायर द्या.

फ्यूज फ्रिजजवळ लावणं म्हणजे चोर आत शिरल्यावर दाराला कडी घालणं. फ्यूज फ्रिजसाठी नसतो, वायरसाठी असतो. मधल्या ५ मीटरमध्ये कुठे पत्र्याच्या कडेला आवरण घासलं तर बॅटरीची सगळी ताकद त्या वायरीतून जाणार, आणि टोकाचा फ्यूज शाबूत राहणार. मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा, मग फ्यूज बॉक्समध्ये प्रत्येक शाखेला वेगळा. फ्रिजला माझा १० अँपिअरचा आहे, लाल रंगाचा. ब्लेड फ्यूजचे रंग तेवढे ठरलेले असतात: १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. दिव्यांच्या १ एमएमला ५ चा, फिकट तपकिरी. तो उडाला म्हणून खिशात होता तो हिरवा ठोकू नका.