पाणबुडी जर्मनांची? आधी तारखा बघू या

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक मजकूर उगवतो. त्याचा सारांश असा: पाणबुडीचा शोध जर्मनीने लावला, पहिल्या महायुद्धाआधी ती कुणाच्याच नौदलात नव्हती, इंग्रज तिला भ्याडांचं हत्यार म्हणून नाक मुरडत बसले आणि १९१४ साली जर्मनांनी जगात पहिल्यांदा पाण्याखालून शत्रूचं जहाज बुडवलं. शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो.

"शोध जर्मनीने लावला." कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसाने लंडनच्या थेम्स नदीत वल्ह्यांनी चालणारी पाण्याखालची होडी चालवून दाखवली ती १६२० च्या सुमारास. १७७६ मध्ये न्यूयॉर्क बंदरात 'टर्टल' ही एका माणसाची पाणबुडी ब्रिटिश युद्धनौकेखाली सुरुंग लावायला गेली आणि हात हलवत परतली. जर्मनांचा मान ठेवायचा तर विल्हेल्म बाउअर यांचं नाव घ्यावं. त्यांची 'ब्रांडटाउखर' १८५१ मध्ये कील बंदरातच तळाला गेली. आत अडकलेल्या बाउअरनी डोकं शांत ठेवलं. पाणी आत येऊ दिलं, आतला-बाहेरचा दाब सारखा झाल्यावर झाकण उघडलं आणि तिघेही जिवंत वर आले. धाडस खरंच, पण पहिलेपणा नव्हे.

"महायुद्धाआधी कुणाच्याच नौदलात नव्हती." इथे मजकूर पार आपटतो. नुसतं पाण्याखाली जाणं कधीचंच जमलं होतं, अडत होतं ते इंजिनाशी. हाताने फिरवायचा पंखा माणसाला दमवतो. वाफेच्या बॉयलरला हवा लागते, शिवाय तो विझवल्याशिवाय बुडी मारता येत नाही. फ्रान्सच्या 'नार्वाल'ला (१८९९) त्यापायी बुडायला सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं लागायची, तेवढ्यात शत्रू येऊन चहा पिऊन जाईल. स्पेनच्या इसाक पेराल यांनी १८८८ मध्ये पूर्ण विजेवर चालणारी, टॉर्पेडो सोडणारी पाणबुडी केली, पण बॅटरी संपली की किनारा गाठणं आलं.

हा गुंता सोडवला जॉन हॉलंड यांनी. मूळचे आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातले शाळामास्तर, १८७३ मध्ये अमेरिकेत आले. दोन वर्षांनी आराखडा अमेरिकी नौदलाला दाखवला, तो नाकारला गेला. मग पैसा दिला तो इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या फेनियन या आयरिश क्रांतिकारकांनी, ब्रिटिश जहाजं बुडवायला! पुढे पैशांवरून बिनसलं आणि १८८३ मध्ये फेनियनांनी स्वतःच आपली पाणबुडी 'फेनियन रॅम' पळवून नेली. ती चालवता मात्र कुणालाच येईना.

हॉलंड थांबले नाहीत. १८९७ च्या बोटीत वर असताना पेट्रोल इंजिन, खाली गेल्यावर बॅटरीवर मोटर, आणि तेच इंजिन वर आल्यावर बॅटरी भरणार. बोट सपाट बुडवायची नाही, आडव्या सुकाणूंनी नाक खाली करून पोहत न्यायची. अमेरिकी नौदलाने ती ११ एप्रिल १९०० रोजी दीड लाख डॉलरना विकत घेतली.

जर्मनीची यू-१ नौदलात दाखल झाली १४ डिसेंबर १९०६ रोजी. तोवर फ्रान्स, ब्रिटन, रशिया, जपान सगळ्यांकडे पाणबुड्या होत्या. खुद्द जर्मनीतल्या कीलची गोदी त्याआधीपासून रशियासाठी पाणबुड्या बांधत होती, आराखडा डेकेव्हिले या स्पॅनिश अभियंत्याचा. स्वतःच्या नौदलाला उशीर झाला, कारण जर्मन नौदलमंत्री टिर्पिट्झ यांना पैसा मोठ्या युद्धनौकांवर हवा होता.

"इंग्रज नाक मुरडत बसले." काही अ‍ॅडमिरलांनी मुरडलं, हे खरं. पण ब्रिटिश नौदलाची 'हॉलंड १' बॅरो इथल्या गोदीतून २ ऑक्टोबर १९०१ रोजी पाण्यात उतरली. नाव वाचलंत? फेनियनांच्या पैशावर हात बसलेल्या माणसाचाच आराखडा इंग्रजांनी रोख मोजून घेतला. त्या सुरुवातीच्या बोटींत पेट्रोलच्या वाफांचा एवढा धाक की हवा बिघडल्याची सूचना मिळावी म्हणून पांढरे उंदीर पाळत. 'ए ५' मध्ये १९०५ साली स्फोट होऊन माणसं गेलीच. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनकडे सत्तरच्या वर पाणबुड्या होत्या (बऱ्याचशा छोट्या, किनाऱ्याजवळच्या), जर्मनीकडे तिसेक.

आता "पहिलं जहाज". १७ फेब्रुवारी १८६४ रोजी, अमेरिकेच्या यादवीत, दक्षिणेच्या 'हनली'ने चार्ल्सटनबाहेर 'हाउसॅटॉनिक' बुडवलं. दांड्याच्या टोकाला बांधलेला सुरुंग, पंखा फिरवायला माणसांचे हात. जहाजावरचे पाच गेले, 'हनली'वरचे आठही परतले नाहीत. त्याआधी चाचण्यांत तिने तेरा जण घेतले होते, त्यांत ज्याचं नाव तिला दिलं तो होरेस हनलीही.

तथ्य आहे ते असं. स्वतःच्या इंजिनाने धावणाऱ्या टॉर्पेडोने जहाज बुडवणारी पहिली पाणबुडी जर्मनांचीच, यू-२१. ५ सप्टेंबर १९१४ रोजी तिने ब्रिटिश क्रूझर 'पाथफाइंडर' बुडवली. हे श्रेय कुणी काढून घेऊ नये. फक्त असा टॉर्पेडो युद्धात पाणबुडीतून पहिल्यांदा सोडला तो ग्रीकांनी, ९ डिसेंबर १९१२ रोजी, बाल्कन युद्धात. 'डेल्फिन' पाणबुडीने तुर्की क्रूझर 'मेजिदिये'वर नेम धरला, पण टॉर्पेडो बिघडला आणि जहाज निसटलं.