टाइमलाइनवर आलं की गाणं बिघडलंच!

प्लेअरमध्ये गाणं कसं सुरेख वाजतं. तेच उचलून व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकलं की टक्, चर्र, टक्! तेही नेमकं हळुवार जागी. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, डोळे फाडून बघा, काही दिसत नाही. मग ठरलेले सल्ले: सॉफ्टवेअर बंद करून चालू करा, कॅशे उडवा, ड्रायव्हर अपडेट करा. अरे, फाइल एमपीथ्री आहे आणि तीही व्हेरिएबल बिटरेटची (म्हणजे दर सेकंदाचा डेटा कमीजास्त असलेली), हे आधी कुणी विचारेल का? अशा फाइलीत नेमकी जागा शोधताना काही एडिटर हमखास गडबडतात आणि आवाज चित्राच्या मागेपुढे सरकतो. त्यात गाण्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४.१ किलोहर्ट्झ, व्हिडिओ प्रोजेक्टचा ४८. ते रूपांतर धड झालं नाही की चरचर आलीच. म्हणून आधी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह (WAV) फाइल करा, मग टाका. दोन मिनिटांचं काम, मान्य. पण दर गाण्याला? ४के व्हिडिओ लीलया पचवणाऱ्या सॉफ्टवेअरला इम्पोर्ट करतानाच हे उरकायला काय धाड भरते? आणि ती टकटक फक्त प्रीव्ह्यूत आहे की खरंच फाइलीत, हे कळायला तुकडा एक्स्पोर्ट करून ऐकायचा, ते वेगळंच!