ज्वालामुखीची सोय झाली आहे

घराचा विमा उतरवल्याबद्दल आपले अभिनंदन. आता एवढेच करावे, की पॉलिसीचा लिफाफा न फोडता लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवून द्यावा आणि किल्ली आईकडे सोपवावी. ती वाचायला बसू नये. ज्या साडूने हा विमा उतरवून दिला, त्याने चहा पिता पिता "जिभाऊ, यात सगळं येतं" असे सांगितलेलेच आहे, आणि नात्यातल्या माणसाने तोंडी दिलेल्या शब्दापुढे छापील पानांची ती काय मातब्बरी? कंपनी उद्या त्या पानांनाच बांधील राहील आणि साडू त्या दिवशी नेमका परगावी असेल, ही बाब तूर्त मनाआड करावी. पहिल्याच वर्षी नात्यात कटुता नको.

कोणी फारच आग्रह केला, तर कोणकोणत्या आपत्तींची भरपाई मिळते त्या यादीवरून वरवर नजर फिरवायला हरकत नाही. राहत्या घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केली आहे, त्यामुळे ती धुळ्यात घेतलेली असो वा नंदुरबारात, मूळ यादी तीच असते. आग, स्फोट, वीज पडणे, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य, घरावर एखादे वाहन येऊन आदळणे, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे, असे सारे त्यात आहे. भूकंपही आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याने खानदेशाला चांगलाच हलवून दाखवलेला आहे. पूर्वीच्या आगविम्यात त्यासाठी वेगळा हप्ता मोजावा लागे, आता लागत नाही. खरी मौज त्यापुढे आहे. यादीत ज्वालामुखीचा उद्रेक आहे, त्सुनामी आहे आणि क्षेपणास्त्राच्या चाचणीत होणारे नुकसानही आहे. तेव्हा समुद्राने मनावर घेऊन सुरतेपासून तापीच्या पात्रातून उलटा प्रवास केला आणि तो रावेर-यावलपर्यंत येऊन ठेपला, तरी आपण ओट्यावर निवांत बसून राहावे. भुसावळच्या माणसाला तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, की जवळपास कुठेतरी ज्वालामुखी फुटला असावा असे वाटतच असते. त्याचीही सोय झाली आहे.

ज्वालामुखीशी आपले नाते तसे जुनेच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून जो काळा दगड तयार झाला, तो झिजून आपली काळी माती झाली, आणि हीच माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते व पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. तिच्यावर उथळ पाया घेऊन घर बांधले, की तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर भिंतीवर चढू लागते. आपण पॉलिसीत 'जमीन खचणे' हे शब्द पाहून आनंदाने दावा करावा. मग कंपनी त्याच कलमाची पुढची ओळ दाखवील: नव्या बांधकामाला नेहमी पडणाऱ्या भेगा, पाया बसणे, भरावाची जमीन दबणे, सदोष रचना आणि निकृष्ट माल यांमुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले असते. म्हणजे ज्वालामुखीने स्वतः येऊन घर पाडले तर पैसे मिळतील. त्याच्या मातीने सावकाश पाडले तर आपले आपण पाहावे. म्हणून इंजिनिअरने काळी माती काढून मुरमाचा थर द्यायला सांगितले असेल, तर तो खर्च अवश्य वाचवावा आणि वास्तुशांतीला खापरावरच्या मांड्यांबरोबर आमरसाचा बेत करावा. गावाकडच्या जुन्या घराच्या धाब्यावर पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकण्याचा त्रासही घेऊ नये. धाबे गळून भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, माडीच्या तुळईला वाळवी लागली, तर विमा आहेच, असे शेजाऱ्यांना सांगत राहावे. यांपैकी एकही गोष्ट आपत्तींच्या यादीत नाही आणि घराची डागडुजी हा मालकाचाच धर्म आहे, असे कंपनी मानते. पण शेजाऱ्यांना तेवढे कुठे ठाऊक आहे?

चोरीविषयी मात्र गाफील राहू नये. लग्नसराईत सगळे कुटुंब आठ दिवस गावी जाते, कुलूप दिसते आणि कोणीतरी मागच्या दाराने घर रिकामे करून जातो, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. पॉलिसीत चोरीची भरपाई आहे. अट इतकीच, की आधी आग, पूर, भूकंप यांसारखी यादीतली एखादी आपत्ती आलेली असावी, तिच्यामुळेच चोराचे फावलेले असावे आणि चोरी त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली असावी. तेव्हा गावी निघताना दारावर पाटी लावावी, की चोरबंधूंनी कृपया पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यात यावे, आठव्या दिवशी आल्यास आमची गैरसोय होईल. साध्या घरफोडीसाठी निराळे संरक्षण विकत मिळते आणि काही कंपन्या गृहस्थांसाठीच्या पॅकेजमध्ये ते जोडूनही देतात, परंतु त्यासाठी पॉलिसी घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि साडूला प्रश्न विचारणे हे शिष्टाचाराला धरून होणार नाही.

सोन्याचे तर काय सांगावे! जळगावच्या सराफ बाजारातून तीन पिढ्यांनी आणलेले सोने ज्या घरात आहे, तिथे ते घरगुती सामानातच धरले जाणार, असे कोणालाही वाटेल. इमारतीचा विमा घेतला, की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढ्या घरगुती सामानाचा विमा वेगळी यादी न देताही त्यात येतो, हेही खरे आहे. पण ते सामान म्हणजे पलंग, कपाट, टीव्ही, फ्रीज, भांडीकुंडी, कपडे. दागिने, चांदीची भांडी आणि चित्रे यांच्यासाठी ऐच्छिक संरक्षण निराळे घ्यावे लागते आणि त्यांची किंमत आधीच ठरवून कंपनीला कळवावी लागते. डब्यातली रोकड आणि सोन्याची बिस्किटे यांना मूळ पॉलिसीत जागाच नाही. ओट्यावरच्या मोटारसायकललाही नाही. दागिन्यांची यादी करू नये, हा माझा सल्ला आहे. यादी केली म्हणजे कोणाच्या नावावर काय आहे हे सुनांना कळते, आणि त्यातून होणाऱ्या नुकसानीचा विमा अजून कोणीच काढत नाही.

आता कापूस. खानदेशात दिवाळीनंतर पुढची खोली ही खोली राहत नाही. भाव वाढेल या आशेवर ती आढ्यापर्यंत कापसाने भरते, मुले कापसावर झोपतात, पाहुणे कापसाला टेकून बसतात, आणि त्याच खोलीत देवापुढचा दिवा आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल हे दोघेही रात्रभर जागे असतात. आपण निश्चिंत असावे, कारण आगीचा विमा आहे. फक्त विमा राहत्या घराचा आणि घरगुती सामानाचा आहे, आणि विक्रीसाठी साठवलेल्या ३० क्विंटल कापसाला घरगुती सामान म्हणवून घ्यायचे, तर त्याच्या तेवढ्या गाद्या-उशा भरून घ्याव्या लागतील. मालाच्या साठ्याचा विमा ही वेगळी गोष्ट आहे. तशीच गोष्ट केळीची. मे महिन्याच्या एकाच वादळात घराचे पत्रे उडाले आणि बागही आडवी झाली, तर पत्र्यांचा हिशेब या पॉलिसीत बसतो, बागेचा बसत नाही. तिच्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा असतो आणि त्याचे नियम, मुदत, दार, सगळेच निराळे असते. उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या मोटारीवर पडला तर? पत्र्याचे पैसे मिळू शकतात, मोटारीचे मिळणार नाहीत. शेजाऱ्याला हे आपणच समजावून सांगावे, शक्यतो फोनवरून.

कूलरच्या बाबतीत कंपनीचा विचार इतका सूक्ष्म आहे, की तो ऐकून न्यायशास्त्राच्या पंडितांनीही मान डोलवावी. भर उन्हाळ्यात चोवीस तास चाललेल्या कूलरची मोटार शॉर्टसर्किटने जळाली, तर त्या यंत्राच्या नुकसानीची भरपाई नाही. मात्र त्याच मोटारीच्या ठिणगीने पडदा पेटला, पडद्याने पलंग पेटवला आणि पलंगाने खोली पेटवली, तर पडदा, पलंग आणि खोली यांची भरपाई आहे. यावरून काय शिकायचे, ते मी लिहून देणार नाही. मुद्दाम लावलेल्या आगीचे एक कलमही त्याच पॉलिसीत आहे.

विम्याची रक्कम ठरवताना उदार मनाने प्लॉटची किंमत त्यात घालावी. रिंगरोडच्या प्लॉटचा भाव सांगताना छाती फुगते, आणि विम्यात ती का फुगू नये? कंपनी मात्र चटई क्षेत्राला, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेला, बांधकामाच्या चालू दराने गुणून थांबते, कारण आगीत जमीन जळत नाही. समजा १,००० चौरस फुटांचे घर आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये आहे, तर इमारतीचा विमा २० लाखांचा, त्यावर आपोआप येणारा सामानाचा विमा ४ लाखांचा, आणि प्लॉट ४० लाखांचा असला तरी तो या हिशेबात नाही. मुलाच्या लग्नाआधी वर दोन खोल्या चढवल्या असतील, तर कंपनीला कळवू नये. चटई क्षेत्र १० टक्क्यांहून अधिक वाढले आणि जादा हप्ता भरलेला नसला, की त्या वाढीव भागाला संरक्षण नसते, एवढेच होते. कर्ज असेल तर बँकेने विमा काढलेलाच आहे, या समाधानात राहावे. तो विमा घराचा आहे की कर्जदाराच्या आयुष्याचा, हे पाहू नये. दुसऱ्या प्रकारचा असेल, तर घर जळाल्यावर पैसे मिळण्यासाठी आपणही त्यात असणे आवश्यक ठरते.

इतके सगळे पथ्य पाळूनही नुकसान झालेच, तर काय करावे, हे शेवटी सांगतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले होते, तसे आपल्या घरात शिरले, तर पाणी ओसरताच फोटो न काढता सगळे भिजलेले सामान ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकून यावे, भिंती धुवाव्यात, रंगारी बोलवावा आणि मग आठ-पंधरा दिवसांनी, सवड मिळेल तेव्हा, कंपनीला कळवावे. तलाठ्याने पंचनामा केला आहे, मग कंपनीने नुकसान पाहायला पाठवलेल्या सर्वेक्षकाला वेगळे काय पाहायचे आहे, असा सवाल करावा. सरकारी मदत आणि विम्याचा दावा या दोन निरनिराळ्या वाटा आहेत, हे तो सांगू लागला, की त्याला थंड पाणी पाजून विषय बदलावा. दुरुस्तीची बिले, वस्तू घेतल्याच्या पावत्या, अग्निशमन दलाचा किंवा पोलिसांचा कागद यांपैकी काही मागितले, तर आपल्या घराण्याची पत गावाला माहीत आहे, असे बाणेदारपणे सांगावे.

दावा फेटाळला गेला, तर ओट्यावर बसून कंपनीला शिव्या देणे हा परंपरागत मार्ग आहेच. कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी जाता येते, तिथे समाधान न झाल्यास वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते, आपल्या भागासाठी तो पुण्यात बसतो आणि त्याच्याकडे एक पैसाही फी लागत नाही, ही माहिती केवळ नोंदीपुरती देऊन ठेवतो. फुकट मिळते त्याला किंमत नसते, हे आपण जाणताच.

आणि त्या धांदलीत शालूखालचा लिफाफा भिजून लगदा झालेला आढळला, तर घाबरून जाऊ नये. कंपनीच्या कार्यालयात पॉलिसीची दुसरी प्रत मिळते. त्यासाठी काउंटरवर पॉलिसीचा क्रमांक विचारतात, आणि तो पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेला असतो.