टाचणी टोचून नसा तपासू नका

‘तळपायाला टाचणी टोचा, दुखलं तर नसा ठणठणीत’ असा मेसेज मधुमेह असलेल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. कृपया असं करू नका. मधुमेहाने नसा (संवेदना नेणारे मज्जातंतू) बिघडून ज्या पायाला टोचलेलं कळत नाही त्याला झालेली जखमही कळत नाही, आणि मधुमेहात ती लवकर भरत नाही.

दुसरं म्हणजे, टाचणी दुखली म्हणून सगळं ठीक, असंही नाही. वेदना बारीक मज्जातंतू पोहोचवतात, हलका स्पर्श जाड तंतू. एक शाबूत असताना दुसरे बिघडलेले असू शकतात. शिवाय हाताचा जोर दर वेळी वेगळा पडतो.

म्हणूनच दवाखान्यात मोनोफिलामेंट वापरतात: दांडीला लावलेला नायलॉनचा जाड धागा. तो त्वचेवर उभा टेकवून दाबायचा. १० ग्रॅम जोर झाला की तो वाकतो. कोणीही दाबा, वाकायला जोर जवळपास तेवढाच लागतो. सगळी खुबी इथेच आहे. रुग्णाने डोळे मिटून बसायचं आणि धागा टेकल्याचं जाणवलं की ‘लागलं’ म्हणायचं. घट्टा किंवा जखम असेल तिथे टेकवायचा नाही. वापरून वापरून धागा मऊ पडतो, मग तो बदलावा लागतो.

कुष्ठरोगातही नसा तपासायला तळहातासाठी २ ग्रॅमचा आणि तळपायासाठी १० ग्रॅमचा धागा वापरतात.

घरी रोज तळपाय आरशात बघा: भेग, फोड, लाली. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या.