‘पाच मिनिटांत दीक्षा घ्या, मित्राचं लग्न लावा’: फॉरवर्डमधलं खरं किती?

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर लग्नसराईच्या तोंडावर एक मेसेज हमखास फिरतो. सार एवढंच: ‘गुरुजी मिळत नाहीत? मित्रालाच धर्मगुरूची ऑनलाइन दीक्षा घ्यायला सांगा. पाच मिनिटांत फुकट सर्टिफिकेट मिळतं, पन्नासही राज्यांत चालतं, त्याच्यावर लग्न पक्कं, आणि भारतातही तेच दाखवायचं.’ मी स्वतः कॅलिफोर्नियात एका मित्राचं लग्न असंच लावलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

‘पाच मिनिटांत, फुकट.’ हे खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोत १९६२ साली नोंदलेलं युनिव्हर्सल लाइफ चर्च आधी टपालाने दीक्षा द्यायचं, आता ती इंटरनेटवरून मिळते. आपला धर्मही सोडावा लागत नाही.

‘पन्नासही राज्यांत चालतं.’ इथे मेसेज घसरतो. लग्न कुणी लावायचं हे अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. नॉर्थ कॅरोलिनात एका माणसावर पहिलं लग्न असताना दुसरं केल्याचा खटला झाला. पहिलं लग्न लावणारा साधा कॅथलिक गृहस्थ. त्याने या चर्चचं सर्टिफिकेट दहा डॉलरला टपालाने मागवलेलं. १९८० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की द्विभार्या खटल्यासाठी हा विवाहविधी धरताच येत नाही, आणि आरोपी सुटला! मग विधिमंडळाला कायदा करून ३ जुलै १९८१ च्या आधीची अशी लग्नं वाचवावी लागली. नंतरच्यांचं काय, याचा घोळ उरलाच. न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली अपील कोर्टाने असंच एक लग्न रद्दबातल ठरवलं, आणि तिथली कोर्टं नंतरही एका सुरात बोललेली नाहीत. टेनेसीने तर २०१९ मध्ये ऑनलाइन दीक्षा घेतलेल्यांना लग्न लावायला कायद्यानेच मनाई केली. ते प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. लग्नाच्या दिवशी यातलं काही कळत नाही. सगळे जेवून, फोटो काढून घरी जातात. कागद बाहेर निघतात ते भांडणात, नाहीतर वारसाहक्काच्या वेळी.

बरं, सरळ वाटा आहेत की. न्यूयॉर्क राज्यात २०२३ पासून गावाच्या किंवा शहराच्या क्लार्ककडून एका दिवसाचं लायसन्स काढून मित्राला लग्न लावता येतं. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरच्या कार्यालयाकडे एका लग्नापुरती परवानगी मागता येते. कोलोरॅडोत नवरा-नवरी स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतात, तिसरा माणूस लागतच नाही. यात दीक्षा कुठे आली?

‘सर्टिफिकेट आलं की लग्न पक्कं.’ अजिबात नाही. पक्कं करतं ते नवरा-नवरीने आधी काढलेलं मॅरेज लायसन्स. कॅलिफोर्नियात ते ९० दिवस चालतं, आणि लग्न लावणाऱ्याने सही करून १० दिवसांत काउंटीकडे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या कार्यालयाकडे) परत पाठवायचं असतं. आमच्या लग्नात अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी सगळं गुरुजींनी केलं. ‘स्वेच्छेने करताय ना?’ एवढं मी विचारलं आणि सही केली. खरी धडधड पुढे होती, कारण सही केलेल्या लायसन्सचा लिफाफा चार दिवस माझ्या गाडीतच राहिला होता.

‘भारतातही तेच दाखवा.’ भारतात ते सर्टिफिकेट चालतही नाही आणि लागतही नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ पुरोहिताची पदवी विचारत नाही. दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हायला हवेत, इतकंच. सत्यशोधकांनी भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. पण विधीच केले नाहीत आणि नुसती नोंदणी केली तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. विशेष विवाह कायद्याने करायचं तर सरकारने नेमलेला विवाह अधिकारी, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. तिथे मित्र साक्षीदार म्हणून सही करू शकतो, अधिकारी म्हणून नाही.

आणि अमेरिकेत झालेलं लग्न ओसीआयसाठी (परदेशस्थ भारतीयांना भारत सरकार देतं त्या कार्डासाठी) दाखवायचं तर काउंटीकडून मिळालेल्या विवाह प्रमाणपत्राच्या प्रमाणित प्रतीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी दाखला, करून घ्यायचं. माझ्या दीक्षेचं सर्टिफिकेट ना क्लार्कने मागितलं, ना कॉन्सुलेटने. ते अजून ईमेलमध्येच पडलंय, प्रिंटही काढलेली नाही.