मिरचीची धुरी हा उपाय नाही, गुन्हा आहे

परवा नंदनवनातून बहिणीचा फोन आला. 'दादा, एकदा दाखवून तर पाहू?' डॉक्टरला नव्हे, देवरुष्याला. तिच्या भजनी मंडळात फिरणारा मेसेज असा: झोपेत छातीवर कुणी बसलं, अंग हललं नाही, की ती बाहेरची बाधा. गोळ्यांनी बाधा आत दबते, म्हणून औषध बंद करा. मिरचीची धुरी द्या. भीती माध्यमाच्या हवाली करा, तो पितरांशी बोलून ती काढून घेईल. भाचीला महिन्यात तीनदा असं झालंय, म्हणून हे लिहितोय.

छातीवर कुणी बसत नाही. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातपाय सैल सोडतो. कधी जाग आधी येते, अंग मागाहून हलतं. डोळे उघडे आणि स्वप्नातली आकृती अजून खोलीतच. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. अपुऱ्या झोपेने ते वाढतं, आणि भाची परीक्षेसाठी पहाटे तीनपर्यंत जागते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता ती धुरी. एकोणीस वर्षांच्या पोरीला कोंडून तिच्या नाकातोंडात मिरचीचा धूर? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, डिसेंबर 2013 मध्ये आपल्याच नागपूरच्या अधिवेशनात मंजूर झाला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, 5 हजार ते 50 हजार दंड. करणाऱ्यालाच नव्हे, प्रचार करणाऱ्यालाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी हे वाचावं.

औषध बंद करा म्हणे! मंडळात कुणी फिटच्या गोळ्या घेत असेल. त्या अचानक थांबवल्या तर जिवावर बेतेल.

पितरांचं एवढंच: माध्यम जे सांगतो ते बोलता बोलता आपल्याकडूनच काढून घेतलेलं असतं.

देवरुष्याकडून आल्यावर हलकं वाटतं, हे मात्र मान्य करावं लागतं. तासभर कुणीतरी ऐकून घेतं, घरात तेवढंही होत नाही. पण भीती त्याच्या हवाली केली, की पुढच्या अमावस्येला पुन्हा त्याच्याच दारात.

रविवारी भाचीजवळ बसलो. पुन्हा झालं तर पायाचं बोट हलवून पाहायचं, श्वास लांब घ्यायचा, आपोआप सुटेल हे आठवायचं, एवढं ठरलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तिच्या मोबाईलमध्ये टाकला. मग बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'मामा, याही वेळी नापास झाले तर बाबांना काय सांगू?' बहीण दारातच उभी होती. आत येऊन तिच्याजवळ बसली.