बारा फुटी होडीत सहा जण?

भिलवडी-पलूसकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घरच्यांना घेऊन मासे धरायला जायचंय? बारा फुटी, सपाट तळाची ॲल्युमिनियम होडी घ्या. बुडत नाही, डुलत नाही, सहा जण आरामात, देखभाल शून्य, दोघांनी उचलून पिकअपमध्ये टाका.’ यातलं शेवटचं तेवढं पुरतं खरं. तेवढ्याच फायबरच्या होडीपेक्षा ही बरीच हलकी.

‘बुडत नाही’ म्हणे! ॲल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट जड. आत पाणी शिरलं की पातेलं जातं तशीच ही खाली जाते. वर धरून ठेवतो तो बैठकांखालचा फोम. जुनी होडी बघायला गेलात तर बैठकीची फळी उचकटून तो हातात घ्या. मी एकदा घेतला. विटेएवढा तुकडा, वजनही विटेचंच. वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेला. मालक म्हणाला, “त्याला काय हुतंय?” मी तसाच परत आलो.

पण खरा घातक आकडा सहाचा. अमेरिकेत वीस फुटांखालच्या होड्यांसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले 15. बारा फूट लांब, चार फूट रुंद म्हणजे 48. भागिले 15 केलं की येतात जेमतेम तीन माणसं. तेही पाणी शांत असताना. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला खचाखच भरलेली बोट उलटली, ते आपल्याच तालुक्यात. तरी आपलीच माणसं ‘सहा आरामात’ पुढं ढकलतात, याचा राग येतो.

‘डुलत नाही’ अर्धं खरं. पुरात गुळाच्या काहिलीत, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईत, होडीसारखं बसलेल्यांना विचारा: मध्ये बसलं तर गादी, सगळे एका कडेला सरकले की संपलं. कृष्णेच्या संथ डोहात सपाट तळ झकास, उभं राहून गळ टाकता येतो. बामणोली-तापोळ्याकडं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात वारा सुटला की मात्र तोच तळ लाटांवर धाडधाड आपटतो. तिथं पुढून निमुळता, व्ही आकाराचा तळ हवा.

देखभालीचं म्हणाल तर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, ढिले होतातच. घेण्याआधी होडी दोन टायरांवर ठेवा, आत चार बोटं पाणी भरा आणि खालून थेंब दिसेल तिथं खडूनं खूण करा. वेल्डिंगच्या होडीला ही कटकट कमी, पण चीर गेली तर ॲल्युमिनियम जोडणारा वेल्डर गावात सहसा मिळत नाही. आणि आत साचलेल्या पाण्यात तांब्याचं नाणं पडून राहिलं तर तिथला पत्रा खाल्ला जातो. कृष्णामाईला पैसा वाहायचा तर नीट नदीत टाका!

आमच्या घरासाठी मी चौदा फूट लांब, पाच फूट रुंद बघतोय. 70 भागिले 15, म्हणजे चार. आम्ही पाच. पाचवा काठावर चूल पेटवेल.